ट्रिपचं बुकिंग आधी, मग जीएसटी कुठला?

दिवाळीच्या सुट्टीतली ट्रिप. ग्रुपवर महिनाभर 'नक्की ना?', 'बघतो रे' चाललेलं असतं आणि शेवटी बुकिंगचं काम येतं तुमच्याच गळ्यात. तुम्ही सगळ्यांकडून पैसे गोळा करता, समुद्राकाठच्या होमस्टेला ॲडव्हान्स पाठवता. आणि नेमका मध्येच कराचा दर बदलतो. आता बिल जुन्या दराने की नव्या? पैसे सगळ्यांचे आहेत आणि हिशेब तुम्हालाच द्यायचाय. तेव्हा नियम माहीत असलेला बरा.

हे अगदी अलीकडे घडलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरच्या खोल्यांचा १८ टक्के तसाच राहिला. समजा, तुम्ही ऑगस्टमध्ये ३,००० रुपयांच्या दोन खोल्या दोन रात्रींसाठी बुक केल्या होत्या. भाडं १२,०००. जुन्या दराने कर १,४४० रुपये, नव्या दराने ६००. फरक ८४० रुपयांचा! परतीच्या वाटेवर अख्ख्या ग्रुपची मिसळ निघते यात.

तीन तारखा बघा

'तुम्ही बुकिंग आधी केलंय, म्हणजे जुनाच दर,' असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. बुकिंगच्या तारखेवर दर ठरत नाही. जीएसटी कायद्याचं कलम १४ तीन गोष्टी बघतं: तुम्ही राहिलात कधी, बिल बनलं कधी आणि पैसे पोचले कधी. यातल्या दोन गोष्टी दर बदलण्याआधीच्या असतील तर जुना दर, दोन नंतरच्या असतील तर नवा. इतकं सोपं.

आता आपली ट्रिप घ्या. पैसे ऑगस्टमध्ये दिले, पण राहिलात ऑक्टोबरमध्ये आणि बिलही चेक-आउटला मिळालं. दोन गोष्टी नंतरच्या. म्हणजे ॲडव्हान्स आधी दिलेला असूनही कर ५ टक्के. पण ऑगस्टमध्येच पूर्ण पैसे घेऊन पूर्ण बिलही दिलं असेल, तर १२ टक्के बरोबर. मग भांडण्यात अर्थ नाही.

गोंधळ होतो तो कागदात. बुकिंग कन्फर्म झाल्याचा मेल म्हणजे बिल नव्हे. ॲडव्हान्सची पावती म्हणजेही बिल नव्हे. कागदावर 'टॅक्स इन्व्हॉइस' लिहिलंय का, त्यावर तारीख कुठली आहे, ते बघा.

नियम उलटाही फिरतो

दर वाढला तरी हाच हिशेब. १८ जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांखालच्या खोलीवर जीएसटी नव्हता, त्या दिवसापासून १२ टक्के लागू झाला. मे महिन्यात ८०० रुपयांची खोली बुक करून ऑगस्टमध्ये राहिलेल्या आणि तेव्हाच बिल मिळालेल्या मुलाला रात्रीमागे ९६ रुपये जादा द्यावे लागणारच होते. यात मालकाने फसवलं असं नाही. तो कर सरकारजमा होतो.

आणखी एक. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या होमस्टेला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर तिथल्या काकू थेट बुकिंगवर जीएसटी लावू शकत नाहीत. ॲपवरून बुक केलंत तर मात्र ॲप कर घेतं. नोंदणी असलेल्यांच्या बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो, गोव्याचा ३०ने.

पुढच्या वेळी पैसे पाठवतानाच मालकांना मेसेज टाका: 'दादा, मध्ये जीएसटी बदलला तर बिल कुठल्या दराने द्याल?' ठरलेलं भाडं आणि कर वेगवेगळा लिहून घ्या. चेक-आउटला आवाज चढवण्यापेक्षा हे बरं. आणि बिलाचा फोटो ग्रुपवर टाका. ८४० रुपये परत मिळोत न मिळोत, 'उरलेले पैसे कुठे गेले रे?' हा प्रश्न तरी कुणी विचारणार नाही.