वेठ, वारली आणि मानवी हक्कांची सार्वत्रिकता

मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, ती आमच्या मातीतली नव्हे, असा युक्तिवाद जागतिक राजकारणात वारंवार केला जातो. 1993 च्या व्हिएन्ना परिषदेपूर्वी आशियाई राष्ट्रांनी बँकॉकला जाहीरनामा काढला. हक्क सार्वत्रिक आहेत हे त्यात मान्य केले होते. पण प्रत्येक देशाचा इतिहास, धर्म आणि संस्कृती विसरू नये, अशी पुस्तीही जोडली होती. हा वाद मी डहाणू-तलासरीच्या इतिहासावर तपासून पाहू इच्छितो.

येथे लग्नासाठी कर्ज काढणारा वारली आणि त्याची बायको सावकाराकडे जन्मभर राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर त्यांनी वेठ नाकारली. गुलामगिरी निषिद्ध ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आला तो 10 डिसेंबर 1948 रोजी, म्हणजे साडेतीन वर्षांनंतर. मग वारल्यांनी हा हक्क कोणत्या पाश्चात्त्य ग्रंथातून उसना घेतला? तो त्यांच्या पाठीवरच्या वळांतून आला. वेठ हीदेखील जुनी रीतच होती. म्हणून कोणी संस्कृतीचे नाव घेतले की मी विचारतो: बोलतो आहे तो राबणारा की राबवून घेणारा?

पण सार्वत्रिकतेचे पुरोहितही तपासले पाहिजेत. सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या 1930 च्या आंतरराष्ट्रीय कराराला ब्रिटनने 1931 मध्ये मान्यता दिली. त्याच ब्रिटनच्या सत्तेखाली 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड तेथेच हुतात्मा झाला. 1948 च्या मतदानात वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका तटस्थ राहिली. आणि आपण? अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी 1946 मध्ये डु बॉइस यांच्याकडे मागितली होती. अस्पृश्यांचे दुःख जगाच्या चावडीवर नेण्याची ती वाट होती. 2001 मध्ये डर्बनला मात्र जात हा वंशभेद नव्हे, असे म्हणून भारत सरकारने ती वाट अडवली.

तेव्हा दोन्ही बाजूंचे ढोंग सारखेच आहे. प्रबळ राष्ट्रे हक्क दुसऱ्याला शिकवतात. आपले राज्यकर्ते ते घरात शिरू देत नाहीत.

याचा अर्थ 1948 चा जाहीरनामा परिपूर्ण आहे असा नव्हे. तो मुख्यतः एकेका माणसाचा विचार करतो. वारल्यांचे जंगल मात्र साऱ्या गावाचे असते. ही उणीव आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने आणि जगात 2007 च्या मूळनिवासी जनांच्या जाहीरनाम्याने काही अंशी भरून काढली. भारताने त्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. पण सर्वच भारतीय मूळनिवासी आहेत, अशी भूमिका घेऊन त्याचा येथील आदिवासींशी असलेला संबंध पुसट केला.

हक्कांची सार्वत्रिकता अशी खालून वाढते. ज्याला माणूस म्हणून मोजले नाही, तो आपला हिशेब मागतो, तेव्हा जाहीरनाम्यात नवे कलम लिहावे लागते. झरीच्या वारल्यांना या लेखकांत स्थान दिल्याशिवाय मानवी हक्कांचा इतिहास आपण वर्गात शिकवू नये.