‘होय’ म्हणण्याआधी वाचायची यादी

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर नवं सॉफ्टवेअर हवं असेल, तर संकेतस्थळं धुंडाळत बसावं लागत नाही. टर्मिनल उघडून रोमन अक्षरांत एक ओळ टाइप करायची: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचं नाव. ‘सुडो’ म्हणजे हे काम प्रशासकाच्या अधिकाराने कर. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केलेले ‘लोहित’ देवनागरी फॉन्टही अशा एका ओळीत संगणकावर येतात. ही सोय मोठी आहेच. पण या पद्धतीचं खरं मोल कळतं ते सॉफ्टवेअर काढून टाकताना.

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला. पुढच्याच वर्षी ‘डीपीकेजी’ हे साधन आकाराला आलं. हाती दिलेलं पॅकेज ते चोख बसवी. पण त्या पॅकेजला दुसरं एखादं लागत असलं, तर नुसती तक्रार करून थांबे. ही उणीव ‘एपीटी’ने भरून काढली. १९९९ च्या डेबियन २.१ सोबत ते रीतसर आलं. लग्नघरात कोठी सांभाळणारा एक आणि बाजारहाट करणारा दुसरा असतो, तशी या दोघांची वाटणी आहे.

‘एपीटी अपडेट’ या आज्ञेने सॉफ्टवेअर अद्ययावत होत नाही. पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात काय उपलब्ध आहे, याची ताजी यादी तेवढी येते. बसवलेली पॅकेजेस नवी करते ती ‘एपीटी अपग्रेड’. यादीवर भांडाराची डिजिटल सही असते आणि तिच्यात प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला अंकीय ठसा, नोंदलेला असतो. उतरवलेली फाइल त्याच्याशी जुळली, तरच पुढचं काम होतं. मग डीपीकेजी फाइली जागच्या जागी ठेवतं आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, हे लिहून ठेवतं.

काढणं शक्य होतं ते या नोंदीमुळे. ‘रिमूव्ह’ने पॅकेज जातं, पण ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंग्ज राहतात. पुन्हा बसवलं की जुनी घडी परत मिळते. त्याही नको असतील तर ‘पर्ज’. सोबतीला आपोआप आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस ‘ऑटोरिमूव्ह’ काढतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइलींना यांपैकी कुणीही हात लावत नाही. मात्र इंटरनेटवरून एखादी स्क्रिप्ट उचलून थेट चालवली, तर तिने टाकलेल्या फाइलींची नोंद या वहीत नसते. त्या शोधून काढणं मग आपल्याच गळ्यात पडतं.

नोंद असली तरी ती वाचणारा हवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबवरचे तंत्रज्ञानविषयक सादरकर्ते लायनस सेबास्टियन ‘पॉप ओएस’ या लिनक्स प्रणालीवर ‘स्टीम’ हे गेमिंगचं सॉफ्टवेअर बसवत होते. पॅकेजमधल्या दोषामुळे स्टीम घ्यायचं तर डेस्कटॉपच काढला जाणार होता. एपीटीने तसं लिहून दाखवलं आणि ‘होय, मी सांगतो तसं कर’ या अर्थाचं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्यांनी ते केलं आणि डेस्कटॉप गेला. पुढे एपीटीत बदल झाला: अडचण सोडवण्यासाठी अत्यावश्यक पॅकेजवर गदा आणायचं त्याने बंद केलं.

तरीही शेवटची नजर आपलीच असायला हवी. आज्ञेत ‘-एस’ घातलं की नुसती रंगीत तालीम होते. काय येणार, काय जाणार ते दिसतं आणि प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. जाणाऱ्यांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं, तर ‘एपीटी शो’ लिहून त्याची माहिती आधी वाचावी. प्रत्यक्ष आज्ञा देताना शंका आली, तर ‘एन’ दाबावं. ‘नाही’ म्हटल्याने काहीच बिघडत नाही. वाचून, समजून तीच आज्ञा पुन्हा देता येते.