शहराची चक्रवाढ

सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतला फरक कर्ज काढून संसार केलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही. सरळव्याजात दरसाल तेवढीच रक्कम वाढते. चक्रवाढीत व्याजावरही व्याज चढते. शहराच्या लोकसंख्येचा अंदाज करताना बहुधा ही दुसरी रीत वापरतात, आणि ते सयुक्तिकही आहे. माणसे जितकी अधिक, तितके जन्म अधिक; शिवाय गावाहून येणारा नवा माणूस आधी आलेल्या भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या खोलीवरच उतरतो. म्हणजे वाढ ही असलेल्या वस्तीच्या प्रमाणात होते.

उदाहरण बृहन्मुंबईचे घेऊ. १९५१ च्या जनगणनेत तिची वस्ती सुमारे २९ लाख ६७ हजार होती. १९७१ मध्ये ती ५९ लाख ७१ हजार झाली. वीस वर्षांत दुप्पट! येथे एक सोपा ठोकताळा आहे. ७० या आकड्याला वार्षिक वाढीच्या टक्क्यांनी भागले, की दुप्पट होण्यास लागणारी वर्षे मिळतात. उलट ७० ला २० ने भागले, की दर निघतो: साडेतीन टक्के.

आता हा दर पुढे चालवून पाहू. १९८१ साठी उत्तर येते सुमारे ८५ लाख. प्रत्यक्ष मोजणी झाली ८२ लाख ४३ हजार. दहा वर्षांपुरता हिशेब चांगलाच जुळला. सरळव्याजाने पाऊण कोटीच आले असते. पण १९९१ साठी चक्रवाढ सांगते १ कोटी २० लाख. मोजणीत भरले ९९ लाख २६ हजार. २०११ साठी ती सांगते जवळजवळ २ कोटी ४२ लाख. मोजणीत आढळले १ कोटी २४ लाख, म्हणजे निम्मेच!

मग गणित खोटे ठरले काय? नाही. दर कायम राहील, हे गृहीत खोटे ठरले. दर म्हणजे काही निसर्गनियम नव्हे. त्यामागे रोजगार, घरभाडे आणि कुटुंबातील मुलांची संख्या उभी असते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जागांचे भाव आवाक्याबाहेर गेले, घरटी मुले कमी झाली.

तरीही दुपटीचा वेग नाहीसा झाला नाही. तो हद्द ओलांडून पलीकडे गेला. त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यात १९९१ साली सुमारे ५२ लाख माणसे होती. २०११ साली १ कोटी १० लाख झाली. पुन्हा वीस वर्षांत दुप्पट! कल्याण, डोंबिवली, वसई, विरार येथे बिऱ्हाड हलवलेला कामगार रोजीसाठी मुंबईकडेच धावत राहिला. नुसती महानगरपालिकेची हद्द पाहून हिशेब करणाऱ्याला वाढ थांबलेली दिसते. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला तसे वाटत नाही.

म्हणून नळयोजना, दवाखाना वा शाळा यांचा आराखडा पुढे येईल, तेव्हा नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत: दर कोणत्या वर्षांवरून काढला? तो किती वर्षे पुढे ताणला? हद्दीबाहेरची वस्ती धरली काय? २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या साली झाली नाही, त्यामुळे २०११ चाच आकडा पुढे ताणण्याची पाळी आली. अशा वेळी हे प्रश्न अधिकच निकडीचे ठरतात. अंदाज चुकला तर कागदावरचा आकडा खोडता येतो. पण कमी पडलेले पाणी हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईलाच कमी पडते.