वगळणे आणि निवडणे

काशीत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय पंडितांत नागेशभट्ट काळे यांचे स्थान फार वरचे आहे. पाणिनीचे दोन नियम एकाच जागी लागू होऊ लागले तर कोणता चालवावा, या प्रश्नाचा त्यांच्या 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथात बारकाईने विचार केलेला आहे. संगणकाच्या भाषेतील एका युक्तीविषयी बोलताना मला त्यांचीच आठवण होते.

श्रोत्यांनी शाळेतले संधी आठवावेत. इ, उ, ऋ यांच्यापुढे स्वर आला की त्यांचे य, व, र होतात; अति आणि अंत मिळून अत्यंत. पण कवि आणि ईश्वर मिळून 'कव्यीश्वर' होत नाही, कवीश्वर होतो. पहिला नियम सर्व स्वरांसाठी सांगितलेला; सजातीय स्वर तेवढे दुसरा नियम त्यातून काढून नेतो. पहिला उत्सर्ग, दुसरा अपवाद. अपवादाचा प्रांत वगळून जे उरेल, तेवढेच उत्सर्गाचे राज्य.

मायक्रोसॉफ्टने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या टाइपस्क्रिप्ट या भाषेत अशीच सोय आहे. समजा, अर्जाची अवस्था दाखल, मंजूर किंवा नामंजूर यांपैकी एक असते. पर्यायांच्या अशा समूहाला युनियन म्हणतात. त्यातून नको तो पर्याय काढणारे साधन एक्सक्लूड, हवा तोच उचलणारे एक्स्ट्रॅक्ट. दोन्ही २०१८ च्या २.८ या आवृत्तीत आली. एकेक पर्याय कसोटीला लावला जातो. जो नको, त्याच्या जागी 'नेव्हर' येते, आणि बेरजेत शून्य विरावे तसे ते युनियनमध्ये विरून जाते.

येथवर सारे सुखाचे आहे. परंतु वगळण्याचे नाव लिहिताना हात चुकला, तर एक्सक्लूड तक्रार करीत नाही. कोणीच वगळले जात नाही, इतकेच. आणि मूळ समूहात उद्या 'स्थगित' ही नवी अवस्था आली, तर 'नामंजूर सोडून सर्व' या वर्णनात ती मुकाट्याने शिरते.

हा घोटाळा मी कागदी कारभारातही पाहिला आहे. एका कचेरीच्या परिपत्रकात 'नामंजूर वगळून सर्वांस रक्कम द्यावी' असे होते. मागाहून 'स्थगित' हा शेरा सुरू झाला. परिपत्रक जुनेच राहिले. रकमा गेल्या, खर्चही झाल्या, आणि त्या परत मागणारी पत्रे वृद्ध निवृत्तांना माझ्या सहीने गेली. तेथे 'मंजूर तेवढ्यांसच' हे दोन शब्द पुरे होते.