नव्या संगणकीय भाषेचे जुन्या मोबाइलशी नाते : ‘भाषांतर’ आणि ‘लांबी’ यांच्या मर्यादा

शिवाजीनगर (बेंगळुरू) : देशातील माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे केंद्र मानल्या जाणाऱ्या या शहरात एकीकडे संगणकीय भाषांच्या अद्ययावत आवृत्त्यांमध्ये आज्ञावली लिहिल्या जातात. दुसरीकडे रसेल मार्केट आणि बसस्थानकाच्या गजबजलेल्या परिसरात, देशातील अन्य बाजारपेठांप्रमाणेच, जुने मोबाइल दुरुस्त होऊन पुन्हा वापरात येतात. आज लिहिलेली आज्ञावली सहा-सात वर्षांपूर्वीच्या मोबाइलवर चालावी, यासाठी पडद्यामागे एक स्वतंत्र तंत्र काम करीत असते. ते अपुरे पडले तर बँक, रेल्वे आरक्षण वा शासकीय सेवेचे संकेतस्थळ उघडणाऱ्या नागरिकासमोर केवळ कोरा पडदा येतो आणि त्याचे कारणही त्याला कळत नाही.

दरवर्षी बदलणारी भाषा

बहुतेक संकेतस्थळे जावास्क्रिप्ट या भाषेच्या आधारे चालतात. तिचे प्रमाणीकरण ‘एक्मा इंटरनॅशनल’ ही संस्था करते. जून २०१५ मध्ये या भाषेची मोठी सुधारित आवृत्ती मंजूर झाली आणि तेव्हापासून दरवर्षी नवी आवृत्ती प्रसिद्ध होते. ही भाषा समजून घेण्याचे काम मोबाइलमधील ब्राउझर करतो.

ब्राउझर अद्ययावत करता येतो. मात्र त्यालाही सीमा आहे. गुगल क्रोमची ८१ वी आवृत्ती अँड्रॉइड ४.४ साठी अखेरची ठरली. अँड्रॉइड ५ साठी ९५ वी, अँड्रॉइड ६ साठी १०६ वी आणि अँड्रॉइड ७ साठी ११९ वी आवृत्ती शेवटची होती. त्यानंतर भाषेत आलेली भर त्या मोबाइलपर्यंत आपोआप पोहोचत नाही. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या जिओफोनमधील ‘कायओएस’ प्रणालीचा ब्राउझर तर २०१६ च्या फायरफॉक्स ४८ वर बेतलेला होता.

अडचण दोन प्रकारची

जुन्या ब्राउझरला येणारी अडचण दोन प्रकारची असते आणि त्यांवरील उपायही वेगवेगळे आहेत.

पहिली अडचण व्याकरणाची. ‘ग्राहकाची नोंद असेल, तरच तिच्यातील पत्ता वाचावा’ ही सूचना २०२० च्या आवृत्तीपासून प्रश्नचिन्ह आणि टिंब अशा जोडचिन्हाने देता येते. क्रोमने हे चिन्ह ८० व्या आवृत्तीत स्वीकारले. त्याआधीच्या ब्राउझरला ते अपरिचित असते. ब्राउझर आज्ञावलीची फाइल चालविण्यापूर्वी ती संपूर्ण वाचतो. त्यामुळे एक अनोळखी चिन्ह आढळले तरी केवळ ती ओळ नव्हे, तर संपूर्ण फाइल नाकारली जाते. कोऱ्या पडद्याचे हे एक प्रमुख कारण होय.

दुसरी अडचण शब्दसंग्रहाची. दोन याद्यांतील सामाईक नावे एका आज्ञेत काढून देणारी सोय क्रोममध्ये फेब्रुवारी २०२४ च्या १२२ व्या आवृत्तीत आली. अँड्रॉइड ७ च्या मोबाइलवर ती नाही. येथे व्याकरण बरोबर असते, वाक्यही वाचता येते. पण त्यातील क्रियेचा अर्थ ब्राउझरला ठाऊक नसतो. म्हणून आज्ञावली सुरू होते आणि त्या टप्प्यावर येऊन थांबते.

भाषांतर आणि ‘लांबी’

व्याकरणाच्या अडचणीवर उपाय भाषांतराचा. नव्या पद्धतीने लिहिलेली आज्ञावली प्रसिद्ध करण्यापूर्वीच तिचे त्याच भाषेच्या जुन्या रूपात रूपांतर केले जाते. प्रश्नचिन्ह आणि टिंबाच्या जागी ‘नोंद रिकामी आहे का, हे तपासा; नसल्यास पुढे जा’ अशी लांबलचक पण सर्वपरिचित रचना येते. यासाठी सर्वाधिक परिचित झालेले ‘बेबल’ हे साधन सेबॅस्टियन मॅकेन्झी या ऑस्ट्रेलियन तरुणाने २०१४ मध्ये तयार केले. जावास्क्रिप्टच्या सहाव्या आवृत्तीतून पाचव्या आवृत्तीत रूपांतर करणारे, म्हणून त्याचे मूळ नाव ‘सिक्स टू फाइव्ह’ असे होते. २०१५ मध्ये ते बदलण्यात आले.

शब्दसंग्रहाच्या अडचणीवर वेगळा उपाय करावा लागतो. जी सोय ब्राउझरमध्ये नाही, ती जुन्याच साधनांनी लिहून आज्ञावलीसोबत पाठविली जाते. आधी तपासणी होते. सोय उपलब्ध असेल तर मूळचीच वापरली जाते, नसेल तर सोबतची बसविली जाते. रेमी शार्प या ब्रिटिश तंत्रज्ञाने २००९ मध्ये या पद्धतीला ‘पॉलिफिल’ हे नाव दिले. ‘पॉलिफिला’ हे ब्रिटनमध्ये भिंतीच्या भेगा बुजविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लेपाचे नाव आहे. आपल्याकडे रंगकाम करणारे कारागीर ज्याला ‘लांबी भरणे’ म्हणतात, तेच हे काम.

ही पद्धत केवळ जावास्क्रिप्टपुरती मर्यादित नाही. तारीख आणि वेळ हाताळणारी जावा भाषेची सुधारित सोय अँड्रॉइड ८ पासून उपलब्ध झाली. २०२० मध्ये गुगलने ती जुन्या अँड्रॉइडवरही ॲपसोबत नेण्याची व्यवस्था केली. पायथन भाषेची दुसरी आणि तिसरी आवृत्ती यांना जोडणाऱ्या साधनाचे नाव ‘सिक्स’ असे आहे. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, हा त्यामागील हिशेब. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपुष्टात आला.

देवनागरीचा प्रश्न

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने याचे एक उदाहरण महत्त्वाचे आहे. ‘शिवाजीनगर’ या नावात वाचकाला सहा अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्टची पारंपरिक मोजणी मात्र नऊ हे उत्तर देते. कारण वेलांटी आणि काना ही चिन्हे ती स्वतंत्र मोजते. अर्जातील नावाच्या रकान्यात ‘कमाल अक्षरे’ अशी मर्यादा घातली, तर मराठी नाव इंग्रजीच्या तुलनेत आधीच तुटू शकते. तुटलेल्या नावाच्या टोकाला वेलांटी किंवा काना गळून पडण्याचाही संभव असतो.

वाचकाला दिसते तसे अक्षर ओळखणारी अधिकृत सोय क्रोममध्ये २०२० च्या अखेरीस ८७ व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आली. त्यापूर्वीच्या ब्राउझरवर ती पुरविण्यासाठी युनिकोडच्या नियमांचे तक्ते सोबत पाठवावे लागतात. म्हणजेच, ज्याचा मोबाइल जुना आणि इंटरनेट संथ, त्यालाच सर्वाधिक वजनाची फाइल उतरवून घ्यावी लागते.

या विसंगतीवर एक तोडगा रूढ आहे. एकाच आज्ञावलीच्या दोन प्रती तयार केल्या जातात. नवा ब्राउझर सुटसुटीत प्रत उचलतो, तर जुन्याला भाषांतरित आणि लांबी भरलेली प्रत मिळते. त्यामुळे नव्या मोबाइलवरील भार टळतो. जुन्यावरील मात्र कायम राहतो.

जे मागे नेता येत नाही

काही भेगा लांबीने बुजत नाहीत. एखाद्या वस्तूवरील प्रत्येक क्रिया मध्येच अडवून तपासणारी ‘प्रॉक्सी’ ही सोय ब्राउझरच्या गाभ्यातच असावी लागते. बाहेरून तिची पूर्ण नक्कल करता येत नाही. २०२० मध्ये आलेली ‘व्ह्यू’ या लोकप्रिय साधनाची तिसरी आवृत्ती याच सोयीवर उभी आहे. त्यामुळे तिला इंटरनेट एक्सप्लोरर ११ साठी आधार देण्याचा बेत २०२१ मध्ये सोडून देण्यात आला. पुढे १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझरच निवृत्त केला.

त्याहून गंभीर मर्यादा सुरक्षेची आहे. भाषांतरामुळे जुना ब्राउझर नवे संकेतस्थळ दाखवू शकतो. परंतु त्या ब्राउझरमधील सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहतात.

लांबी पुरविणाऱ्यावरील विश्वासाचा प्रश्नही २०२४ मध्ये ऐरणीवर आला. ‘पॉलिफिल डॉट आयओ’ ही सेवा ब्राउझर ओळखून आवश्यक तेवढीच लांबी परस्पर पाठवीत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा पत्ता ‘फनल’ या चिनी कंपनीकडे गेला. सेवेचे मूळ निर्माते अँड्र्यू बेट्स यांनी ती तत्काळ काढून टाकण्याचा सल्ला तेव्हाच दिला होता. जूनमध्ये ‘सॅनसेक’ या सुरक्षा संस्थेने, या सेवेतून मोबाइलधारकांना अन्य संकेतस्थळांकडे वळविणारा घातक मजकूर पाठविला जात असल्याचे उघड केले. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर ही सेवा जोडलेली होती. त्यांपैकी अनेकांना तिची गरज उरलेली नव्हती. एकदा जोडलेली ओळ काढण्याचे राहून गेले होते.

निर्णय कोणाचा?

कोणत्या आवृत्तीपर्यंत मागे जायचे, हे कोणतेही साधन स्वतः ठरवीत नाही. संकेतस्थळ उभारणारा चमू एका छोट्या फाइलमध्ये ब्राउझरची यादी लिहितो आणि त्यानुसार भाषांतर होते. ही यादी बहुधा जागतिक वापराच्या टक्केवारीवरून ठरते. भारतासारख्या देशात अर्धा टक्काही लाखो नागरिकांचा असतो. नफ्यासाठी चालणारे दुकान त्यांना वगळू शकते. शिधा, शिष्यवृत्ती वा निवृत्तिवेतनाच्या संकेतस्थळाला ती मुभा नाही. कारण त्या नागरिकाकडे दुसरे दुकान नसते. अशा संकेतस्थळांनी आपल्या प्रत्यक्ष वापरकर्त्यांची नोंद पाहून यादी ठरविणे, लांबीच्या फाइली बाहेरून न मागविता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे, आणि आधार देता येत नसेल तिथे कोऱ्या पडद्याऐवजी किमान स्पष्ट सूचना दाखविणे, हे उपाय त्यांच्या हाती आहेत. त्यांपैकी शेवटच्या उपायासाठी तर नव्या भाषेची गरजही लागत नाही.