विहिरीतून तरणतलावाकडे : जलतरणपटूची वाट कशी असते?

चौसाळा (जि. बीड) - धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील चौसाळा परिसरात पोहायला शिकण्याची जागा म्हणजे शेतातली विहीर. पाठीला डबा बांधायचा, वडीलधाऱ्यांनी वरून ढकलायचे आणि हातपाय मारत काठ गाठायचा, ही इथली पद्धत. अशा विहिरींत तयार झालेली मुले धाडसी असतात, त्यांचा दमही चांगला असतो. तरीही स्पर्धात्मक जलतरणात त्यांची नावे क्वचितच दिसतात. त्याची कारणे समजून घ्यायची तर कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची कारकीर्द पाहणे उपयुक्त ठरते.

वीरधवलचा जन्म १९९१ चा. कोल्हापुरात पोहायला शिकलेला हा मुलगा पुढे बंगळूरला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे सरावासाठी गेला. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो उतरला, तेव्हा त्याला सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल अशा तीन शर्यतींत त्याने भाग घेतला. त्याच वर्षी पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेत त्याने सुवर्णयश मिळविले. २०१० मध्ये ग्वांग्झू येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने ब्राँझपदक पटकावले. १९८६ मधील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणाचे पदक मिळण्यास २४ वर्षे लागली होती. २०११ चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला.

सेकंदाचा शंभरावा भाग

जलतरणात गुणवत्ता ठरते ती केवळ वेळेवर. ऑलिंपिकची पात्रता ५० मीटर लांबीच्या तलावातील वेळेवरच ठरते. स्पर्धकाचा हात भिंतीवरील इलेक्ट्रॉनिक पट्टीला लागताच सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंद होते. हा भाग किती मोलाचा, याचा अनुभव वीरधवलने २०१८ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत घेतला. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र त्याला २२.४७ सेकंद लागले आणि ब्राँझपदक जपानच्या स्पर्धकाने २२.४६ सेकंदांत नेले. त्या वेगाने पोहणारा माणूस ०.०१ सेकंदात जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर पुढे सरकतो. बोटाच्या एका पेराएवढ्या अंतराने पदक हुकले.

हे पेरभर अंतर भरून काढण्यासाठी उडी, वळण आणि भिंतीला हात लावण्याची क्रिया हजारो वेळा घोटावी लागते. विहिरीत सरळ ५० मीटर अंतर नसते, उडीचा ठोकळा नसतो आणि वळण घेण्यासाठी सपाट भिंतही नसते. त्यातच बीड जिल्हा अवर्षणप्रवण. शाळांना सुट्या लागतात त्या एप्रिल-मेमध्येच अनेक विहिरी तळ गाठतात. याउलट स्पर्धात्मक जलतरणपटूला वर्षभर, बहुधा सकाळ-संध्याकाळ पाण्यात उतरावे लागते. मोठ्या शहराबाहेर ही सोय मिळणे अवघड. त्यामुळे मुलाच्या गुणाबरोबर कुटुंबाची घर बदलण्याची तयारीही पणाला लागते.

नोकरी की सराव?

दुसरी अडचण वयाची. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. ज्या वर्षांत वेळ झपाट्याने सुधारते, त्याच वर्षांत दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. पुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हा पालकांना मोठा आधार वाटतो. मात्र त्याची दुसरी बाजूही वीरधवलच्या वाटचालीत दिसते. आशियाई पदकानंतर राज्य शासनाने त्याला तहसीलदारपद दिले. मालवणला काम करताना सराव मागे पडला आणि ऐन उमेदीची काही वर्षे तो स्पर्धांपासून दूर राहिला. नोकरीने स्थैर्य दिले, पण पाण्यातला वेळ घेतला. त्यानंतर पुनरागमन करून सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याने जकार्तात विक्रम केला, हे म्हणूनच विशेष. २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने स्पर्धात्मक जलतरणाचा निरोप घेतला.

पालकांनी काय पाहावे?

करमाळा तालुक्यातील सुयश जाधवने दोन्ही हात गमावल्यानंतरही २०१८ च्या पॅरा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. लहान गाव ही अडचण असली तरी तो शेवट नव्हे, हे त्यातून दिसते. चौसाळ्यासारख्या गावातील पालकांनी मूल विहिरीत किती उंचावरून उडी मारते यापेक्षा मोजलेल्या अंतराला त्याला किती वेळ लागतो, हे पाहावे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शालेय स्पर्धांची माहिती मिळते. तिथली पहिली अधिकृत वेळ ही खऱ्या कारकिर्दीची सुरुवात. ती वेळ दरवर्षी कमी होत असेल, तरच मुलाला शहरात पाठविण्याचा खर्चिक निर्णय घेणे शहाणपणाचे ठरेल.