शस्त्रक्रियेपूर्वी सांगावयाची एक गोष्ट

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील खोबणीत वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी वसलेली असते. थायरॉईड, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी व जननग्रंथी यांचा कारभार तिच्या आज्ञेने चालतो. ती दुर्बल झाली तरी नित्याचे दिवस कसेबसे निभावतात. कसोटी लागते ती शस्त्रक्रियेच्या दिवशी.

शस्त्रक्रियेचा आघात सोसण्यासाठी निरोगी शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक प्रमाणात निर्माण करते. पीयूषिकेचा इशाराच न मिळाल्यास ही वाढ होत नाही. मग भूल दिल्यावर रक्तदाब कोसळतो आणि सलाईन व नेहमीची औषधे देऊनही सावरत नाही. यास्तव अशा प्रौढ रुग्णास भूल देतानाच शिरेतून 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन देतात. मोठ्या शस्त्रक्रियेत पुढे 24 तासांस 200 मिलिग्रॅम या मानाने ते चालू ठेवून मात्रा क्रमाने उतरवितात. थायरॉईडचीही उणीव असल्यास आधी हायड्रोकॉर्टिसोन व मगच थायरॉक्सिन, हा क्रम पाळावा लागतो. अन्यथा उरलेसुरले कॉर्टिसॉलही लवकर खर्ची पडते.

व्याधी ठाऊक असेल तर भूलतज्ज्ञ ही तयारी करू शकतात. भय आहे ते न ओळखलेल्या व्याधीचे. प्रसूतीत अतिरक्तस्राव झाल्यास कधी कधी पीयूषिकेचा रक्तपुरवठा खुंटतो. डॉ. हॅरोल्ड शीहान यांनी 1937 साली वर्णिलेला हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अशा मातेस दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा जात नाही, थंडी सोसत नाही. ‘बाळंतपणानंतरचा अशक्तपणा’ म्हणून घरात वर्षे लोटतात. थायरॉईडच्या तपासणीत केवळ टीएसएच पाहिल्यास ते नॉर्मलही दिसू शकते. मग पन्नाशीत पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरते आणि जुन्या रक्तस्रावाची आठवण कोणी डॉक्टरांना सांगत नाही.

म्हणून घरातील कोणाचीही शस्त्रक्रिया ठरल्यास जुने बाळंतपण, डोक्याला झालेली गंभीर दुखापत, पीयूषिकेची शस्त्रक्रिया वा किरणोपचार, तसेच चालू असलेली प्रत्येक गोळी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावी. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्यांनी ते आपल्या मनाने कधीही थांबवू नये. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहताना सकाळची गोळी कशी घ्यावी, हे आधीच विचारून ठेवावे. पर्युषणातील उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. या व्याधीचे नाव व औषधाची मात्रा लिहिलेली चिठ्ठी सदैव जवळ असावी. बेशुद्धावस्थेत तीच रुग्णाच्या वतीने बोलते.